पनवेलला राहायला यायचंय? आधी हद्द विचारा

मुंबईत नोकरी, घरात लहान मुलं, सोबत आई-वडील, आणि आता जरा झाडांचं, मोकळं गाव हवं असं वाटायला लागलं की अनेकांच्या यादीत पनवेल येतं. मग प्रश्न सुरू होतात. जुनं पनवेल बरं की नवीन? सुकापूर-विचुंब्याला घर एवढं स्वस्त कसं? साडेबारा टक्क्यांची इमारत म्हणजे काय? विमानतळ सुरू झाल्यावर शांतता उरेल का? नळाला पाणी येतं की टँकर लागतो?

या सगळ्यांचं उत्तर बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरतं: ते घर कुणाच्या हद्दीत आहे. पाणी कुठून येणार, कर कुणाला भरायचा, झाड तोडलं तर तक्रार कुठे करायची, बँक कर्ज देईल की नाही, हे सगळं हद्दीवरून ठरतं. एजंट मात्र कळंबोलीपासून शेडुंगपर्यंत सगळ्याला ‘पनवेल’च म्हणतो. तेव्हा फ्लॅट बघायला निघण्याआधी पत्ता नीट लिहून घ्या आणि तो खालीलपैकी कशात बसतो ते ठरवा.

चार पनवेल

- जुनं शहर. टिळक रोड, लाइन आळी, तक्का, मिडल क्लास सोसायटी, ठाणा नाका हा परिसर. इथली नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. बाजार, दवाखाने, नाट्यगृह, तळी सगळं चालण्याच्या अंतरावर. गल्ल्या अरुंद आणि गाडी लावायला जागा नाही.
- सिडकोच्या वसाहती. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे, खारघर. रस्ते आखलेले, सेक्टरनिहाय बागा. जमीन मूळ सिडकोची आणि भाडेपट्ट्याने दिलेली. या वसाहती आता महापालिकेत आहेत. करंजाडे आणि उलवे याही सिडकोच्याच, पण महापालिकेच्या हद्दीबाहेर.
- मूळ गावठाणं आणि साडेबारा टक्क्यांचे भूखंड. सिडकोने जमीन घेतली त्या शेतकऱ्यांना परत दिलेले भूखंड, आणि जुन्या गावांच्या आत-भोवती उठलेल्या इमारती. कागदांची खरी परीक्षा इथे होते.
- नैना. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातली गावं: सुकापूर, आदई, विचुंबे, उसर्ली, आकुर्ली, नेरे, कोन. २०१३ साली सिडको इथलं विशेष नियोजन प्राधिकरण झाली. म्हणजे इमारतीला परवानगी सिडकोची लागते, पण दिवाबत्ती आणि कचऱ्यासाठी तुम्ही ग्रामपंचायतीच्या दारात.

माझं मत विचाराल तर मुलं लहान आणि आई-वडील सोबत असतील, तर नवीन पनवेल किंवा जुन्या शहराचा कडेचा भाग ही पहिली पसंती ठेवा. नैनातलं घर वाईट असतं असं नाही, पण तिथे रस्ता आणि गटार तुमच्यानंतर येणार हे धरून चला.

खिडकीतली हिरवळ कुणाची?

पनवेलकडे ओढ लागते ती झाडांमुळे. पूर्वेला माथेरान-प्रबळगडाची रांग, दक्षिणेला बारा-एक किलोमीटरवर कर्नाळा. जाहिरातीतल्या फोटोत हेच डोंगर असतात. पण रोजच्या सावलीसाठी डोंगर उपयोगी पडत नाही. सॅम्पल फ्लॅटच्या गॅलरीतून दिसणारी हिरवळ पुष्कळदा शेजारच्या माणसाची रिकामी जमीन असते, आणि तिच्यावर तुमच्यासारखाच टॉवर येणार असतो. म्हणून हिरवळ बघताना मालक बघा.

*टिकणारी हिरवळ.* कर्नाळा अभयारण्य १९६८ सालचं आहे, तिथे कुणी बांधणार नाही. जुन्या शहरातली वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे ही तळी सार्वजनिक आहेत. संध्याकाळी आजोबांना बसायला आणि नातवंडांना पळायला वडाळे तलावाचा काठ पुरेसा आहे. सिडकोच्या सेक्टरांतल्या बागा आणि मैदानं आराखड्यात आरक्षित आहेत. त्यांना लागून असलेल्या इमारतीसाठी थोडे जास्त पैसे मोजायला माझी हरकत नाही.

*भरवसा न ठेवण्याजोगी हिरवळ.* समोरचं भातशेत, कंपाउंडबाहेरचा माळ, ‘प्रस्तावित सेंट्रल गार्डन’ अशी पाटी लावलेला भूखंड. मिडल क्लास सोसायटीसारख्या जुन्या बंगलेवजा भागातली आंबा-फणसाची झाडंही खाजगी कुंपणात आहेत. बंगला पाडून इमारत उभी राहिली की त्यातली किती उरतील हे कुणी सांगू शकत नाही.

खात्री कशी कराल?

- समोरच्या मोकळ्या जागेचा सर्व्हे नंबर किंवा भूखंड क्रमांक मिळवा आणि नगररचना विभागात झोन दाखला व भाग नकाशा यांसाठी अर्ज करा. कोणताही नागरिक करू शकतो. बाग, शाळा, रस्ता की निवासी, हे त्यात लिहून मिळतं. खिडकीसमोरून तीस मीटरचा रस्ता जाणार असेल तर तेही त्यातच कळतं.
- संकुलाचा भूखंड ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल, तर किमान दहा टक्के करमणुकीची मोकळी जागा ठेवणं बांधकाम नियमावलीने बंधनकारक आहे. मंजूर नकाशात ती कुठे दाखवली आहे ते बघा. माहितीपत्रकातल्या चित्राला इथे काही किंमत नाही.
- ही जागा नंतर गायब करायची असेल, तर स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिल्डरला दोन तृतीयांश घरखरेदीदारांची लेखी संमती घ्यावी लागते. ताबा घेताना सह्यांच्या गठ्ठ्यात अशी संमती सरकवलेली असते. वाचल्याशिवाय सही करू नका.

पाणी: मे महिन्यात विचारा

पाऊस पनवेलवर उदार आहे, पण नळाचं पाणी हिशेबाने येतं. जुन्या शहराचं स्वतःचं देहरंग धरण आहे, पण ते लहान असल्याने उन्हाळ्याच्या शेवटाला तळ गाठतं आणि शहराला जीवन प्राधिकरण व एमआयडीसीच्या पाण्यावर अवलंबून राहावं लागतं. नवीन पनवेल-कळंबोलीकडे मुख्यतः जीवन प्राधिकरणाचं पाताळगंगेचं पाणी येतं, खारघरच्या बाजूला हेटवणे धरणाचं. नैनातल्या बऱ्याच इमारती मात्र बोअर आणि टँकरवर चालतात.

‘पाणी आहे ना?’ असं विचारलंत तर ‘चोवीस तास’ हेच उत्तर मिळेल. टाकीत टँकर ओतला तरी नळाला चोवीस तासच येतं. त्याऐवजी हे विचारा:

- सोसायटीचं पाण्याचं बिल कुणाच्या नावाने येतं? शेवटच्या तीन महिन्यांची बिलं दाखवा.
- एप्रिल आणि मे महिन्यात टँकरवर किती खर्च झाला? हिशेबपत्रकात ‘टँकर’ हा वेगळा रकाना असतो. तो मासिक देखभाल खर्चात मिळवूनच घराचा खर्च काढा.
- नळजोडणी कायम आहे की बांधकामासाठी घेतलेली तात्पुरती?

तिसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळालेलं नसण्याची शक्यता मोठी आहे.

रोजचा प्रवास

सीएसएमटी ते पनवेल लोकलने साधारण एक तास वीस मिनिटं. हार्बरवर जलद गाडी नाही. पनवेलहून सुटणाऱ्या गाडीत सकाळी बसायला मिळतं हा मोठा दिलासा, पण संध्याकाळी मशीद-सँडहर्स्ट रोडला चढणाऱ्यांना तो नाही. ठाण्याला ट्रान्स-हार्बर तासाभराच्या आत नेते. स्टेशनच्या पूर्वेला नवीन पनवेल आणि पश्चिमेला जुनं शहर. स्टेशनपासून शेअर रिक्षाने घर किती वेळ, हे रात्री साडेनऊला करून बघा, दुपारी नको.

गाडीने दक्षिण मुंबई गाठणाऱ्यांना जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे. टोल आणि पेट्रोल महिन्याच्या हिशेबात धरा, नुसती मिनिटं मोजू नका. नवी मुंबई मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर धावते. ती पनवेल शहरात येत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. पनवेल-कर्जत नव्या मार्गावरच्या चिखले, मोहोपे या स्थानकांच्या नावाने प्लॉट विकले जातात. गाडी त्या स्थानकावर प्रत्यक्ष थांबू लागल्यावरच तो भाव द्या.

आधी भाड्याने राहा

हा सल्ला कुणालाच आवडत नाही, कारण भाडं ‘वाया’ जातं. पण एक मे आणि एक जुलै त्या भागात काढल्यावर जे कळतं ते कुठल्याही साइट व्हिजिटमध्ये कळत नाही. मेमध्ये पाणी कळतं. जुलैत गाढी नदी, तुंबलेली गटारं, गळकी भिंत आणि बंद पडणारी वीज कळते.

- करारनामा, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास त्याला दंड किंवा कैद होऊ शकते, आणि अटींबद्दल वाद झाला तर जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. ‘नोटरी केलंय ना, पुरे’ हे ऐकू नका.
- घर भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही. कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेली माहिती सोसायटीला द्यायची असते. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते मालकाकडून घ्यायचं असतं.
- करार संपल्यावर घर सोडलं नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ प्रमाणे दुप्पट शुल्क लागू शकतं. मुदतवाढ हवी असेल तर ती आधीच लेखी घ्या.

शाळा आणि दवाखाना

मराठी माध्यम हवं असेल तर जुन्या शहरात वि. खं. विद्यालय, नवीन पनवेलच्या बाजूला चांगू काना ठाकूर विद्यालय. इंग्रजी माध्यमाच्या शाळा दोन्हीकडे भरपूर. आधी शाळा ठरवा, मग तिच्या बसच्या टप्प्यात घर शोधा. उलट केलंत की सहा वर्षांचं मूल सकाळी सहाला महामार्गाच्या कडेला उभं राहतं.

शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल, तर भाड्याने राहणाऱ्यांना रहिवासाचा पुरावा म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला करारच लागतो. अर्ज भरण्याआधीची तारीख त्यावर हवी. वर नोटरीच्या कागदाबद्दल सांगितलं त्याचं हे दुसरं कारण.

आई-वडिलांसाठी शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्याला एमजीएम आणि कर्करोगावरच्या उपचारांसाठी खारघरला टाटाचं केंद्र. घरापासून रात्री रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागतो तेवढं बघून ठेवा.

कागद: कुठल्या घराला कुठला

*नवं बांधकाम.* महारेरा क्रमांक संकेतस्थळावर टाका. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे. पूर्णत्वाची तारीख कितीदा पुढे ढकलली आणि कोणते खटले आहेत, हे तिथेच दिसतं. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ताबा लांबला तर स्थावर संपदा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे पैसे व्याजासह परत, किंवा घर हवंच असेल तर दरमहा व्याज, यातलं काय हवं ते तुम्ही निवडायचं. जाहिरातीत खोटं सांगून पैसे घेतले तर त्याच कायद्याचं कलम १२ लागू होतं. म्हणून माहितीपत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश, ‘विमानतळापासून दहा मिनिटं’चा फलक, सगळं जपून ठेवा.

*सिडकोच्या जमिनीवरचं जुनं घर.* सुरुवातीपासूनच्या करारांची साखळी, सोसायटीचा भागदाखला, सिडकोची हस्तांतरण परवानगी आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागा. महापालिकेने या वसाहतींत १ ऑक्टोबर २०१६ पासूनचा मालमत्ता कर पूर्वलक्षी आकारला. त्यावरून रहिवासी न्यायालयात गेले आणि अनेकांनी कर भरणं थांबवलं. म्हणजे तुम्ही घेत असलेल्या घरावर वर्षानुवर्षांची थकबाकी असू शकते. व्यवहाराच्या दिवशीची कराची स्थिती तपासा आणि ती कोण भरणार हे करारात लिहा. सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य म्हणून पंचवीस हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही, ‘देणगी’ म्हणूनही नाही. किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा.

*साडेबारा टक्क्यांचा भूखंड.* सिडको, मूळ भूखंडधारक आणि बिल्डर यांच्यातला त्रिपक्षीय करार झाला आहे का, एवढं आधी बघा. झाला नसेल तर इमारत कितीही देखणी असो, बिल्डरकडे तुम्हाला द्यायला पूर्ण हक्कच नाही. मूळ शेतकऱ्याच्या वारसांत वाद असेल तर तो तुमच्या दारात येतो.

*गावठाण आणि ग्रामपंचायत परवानगीची इमारत.* स्वस्ताईचं कारण बहुधा हेच. नैना क्षेत्रात ग्रामपंचायतीच्या ना-हरकत पत्रावर बहुमजली इमारत अधिकृत होत नाही. ‘घरपट्टी लागलीय’ हे वाक्य तुम्हाला शंभरदा ऐकवलं जाईल. नमुना आठचा उतारा ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा किंवा अधिकृत बांधकामाचा पुरावा नाही. मोठी बँक कर्ज नाकारते आणि एखादी छोटी वित्तसंस्था चढ्या व्याजाने देते, तेव्हा कारण समजून घ्या. अशा घरात भाड्याने राहायला हरकत नाही. आयुष्याची कमाई मात्र घालू नका.

*डोंगराच्या कुशीतला प्लॉट.* नेरे, मालडुंगे, धोदाणीच्या वाटेवर एक-दोन गुंठ्यांचे ‘फार्महाउस’ प्लॉट दाखवतात. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही, हा १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ चा नियम आहे. आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही, आणि या पट्ट्यात ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या पुष्कळ. शिवाय माथेरानभोवती २००३ सालापासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. सातबारावर इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा, सामाईक सातबारात आणखी एक नाव म्हणून शिरू नका.

खर्चाचं थोडक्यात: घर एकट्या महिलेच्या किंवा फक्त महिलांच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि नोंदणी शुल्काला तीस हजारांची मर्यादा आहे.

नाक, कान आणि जुलैतली नदी

घर ठरवण्याआधी तीन वेगळ्या वेळी जा. रात्री अकरानंतर एकदा: तळोजा एमआयडीसीच्या बाजूच्या वाऱ्याचा वास खारघर, कळंबोली, नावडे या पट्ट्यात तेव्हाच जाणवतो. कळंबोलीला लोखंड बाजार आणि बंदराकडे जाणारे ट्रेलर असल्याने धूळही आहे. दमेकरी घरात असेल तर याला इतर सगळ्यापेक्षा जास्त वजन द्या.

दुसऱ्यांदा विमानांसाठी. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि शहर तिच्या पूर्वेला, तेव्हा काही भागांवरून विमानं खाली उतरताना जाणार. गच्चीवर तासभर बसून ऐका. वर्दळ वाढतच जाईल हे धरून ठरवा.

तिसऱ्यांदा मुसळधार पावसात, भरतीच्या वेळी. २६ जुलै २००५ ला गाढीचं पाणी जुन्या शहरात कुठवर आलं होतं ते शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. नदीकाठच्या भूखंडासाठी पूररेषेचा नकाशा मागा. कळंबोली-कामोठे खाडीच्या सखल जमिनीवर आहेत आणि तिथलं पाणी धारण तलावांवर अवलंबून असतं, म्हणून तळमजला टाळा.

राहायला आल्यावर

- झाडं. महापालिका हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. सोसायटीच्या आवारातलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, फांद्या छाटायलाही परवानगी लागते. पार्किंगसाठी झाड जात असेल तर परवानगीची प्रत मागा. परवानगी देण्याआधी हरकती मागवल्या जातात, तेव्हा लेखी हरकत द्या. परवानगी नसेल तर फोटोसह उद्यान विभागाकडे आणि पोलिसांकडे लगेच तक्रार करा. झाड पडल्यानंतर केलेली तक्रार फक्त दंडापुरती उरते.
- इमारतीतले दोष. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दिसला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. पहिल्याच पावसात गळती दिसली की तारीख टाकून ईमेल पाठवा.
- जमीन सोसायटीच्या नावावर. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा, अर्ज करता येतो. सिडकोच्या भूखंडावर भाडेपट्टा सोसायटीच्या नावे करून घ्यायचा असतो. पुनर्विकासाची चर्चा निघेपर्यंत थांबू नका.
- दाखले आणि नोंदी. कर नोंदीतलं नाव बदलणं, नळजोडणी, दाखले यांना लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदती ठरवून दिल्या आहेत. अर्ज ऑनलाइन करा, पोच घ्या, मुदत टळली की त्याच कायद्याखाली पहिलं अपील करा. माहितीच्या अधिकारात विचारायचं असेल तर प्रश्न एका वेळी एकच आणि नेमका ठेवा: ‘सेक्टर अमुक, भूखंड अमुक, मंजूर वापर काय?’ तीस दिवसांत उत्तर यायला हवं.